लीलाधरचं लॉगिन

"हा एल. कापगते कोण?" कुलसंगे साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवत विचारलं.

पडद्यावर एकच नाव ओळीखाली ओळ लागलं होतं. मी ते वाचलं आणि उगाच थर्मासमधला चहा कपात ओतायला गेलो. कप आधीच भरलेला होता, त्यामुळे अर्धा चहा बशीत आणि उरलेला टेबलावर गेला.

गुरुवारची सकाळ होती, अकरा वाजले होते आणि आमच्या त्या कामाचा आठवा दिवस होता. त्या आठ दिवसांत मी इतका थकलो होतो, की कोणी साधं 'जेवलास का' विचारलं तरी त्याच्या अंगावर जावंसं वाटायचं. डोळ्यांची आग व्हायची, मान डावीकडे वळायची नाही. आता या गोष्टीला अकरा वर्षं झाली, पण तो आठवडा आठवला की अजून माझी मान दुखते.

नागपूरच्या आयटी पार्कमधली आमची कंपनी लहान, पण दोनशे तेरा सर्व्हर सांभाळायची. सर्व्हर आमच्याजवळ नव्हते. ते क्लाउडवर, म्हणजे आम्ही कधी न पाहिलेल्या कुठल्या तरी दूरच्या इमारतींमध्ये होते, आणि आम्ही इथे बसून त्यांची देखभाल करायचो. त्या महिन्यात त्यांच्या कर्नेलमध्ये एक भोक सापडलं. कर्नेल म्हणजे सर्व्हरच्या आत बसलेला मुकादम. कोणाला आत घ्यायचं, कोणाला कुठवर हात लावू द्यायचा, हे तो ठरवतो. त्या भोकातून साधं लॉगिन असलेला कोणीही माणूस अख्ख्या सर्व्हरचा मालक होऊन बसू शकत होता. दुरुस्ती लगेच आली, पण ती नुसती बसवून भागत नाही. सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, तोवर जुना मुकादमच कामावर असतो. आणि सर्व्हर बंद करायचं म्हटलं की प्रत्येक गिऱ्हाईक 'आज नको' म्हणतं. हातापाया पडून, थोडं घाबरवून, मी दोनशे बारा उरकले होते. एक उरला होता.

तो सर्व्हर एका धर्मादाय संस्थेचा होता. भंडारा-गोंदिया भागात तालुक्याच्या नऊ गावी त्यांची डायलिसिस केंद्रं होती. कोणत्या रुग्णाची पाळी कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर, हे त्या सर्व्हरवरचा एक जुना प्रोग्रॅम ठरवायचा. कुलसंगे साहेब त्या संस्थेचे सुरक्षा तपासनीस. साध्या लॉगिनवाल्यालाही मालक होता येतं म्हटल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे त्या सर्व्हरवर तीन वर्षांत कोण कोण येऊन गेलं, त्याची यादी काढली. गडचिरोलीकडचे शांत गृहस्थ होते. आवाज कधी चढायचा नाही, पण हातातलं सोडायचेही नाहीत.

"लीलाधर कापगते," माझ्याऐवजी पांढरीपांडे मॅडम बोलल्या. त्या आमच्या मुख्य. "आमच्याकडे होता. तीन वर्षांपूर्वी काढला आम्ही त्याला."

"काढलेल्या माणसाचं लॉगिन चालू कसं?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की तो प्रोग्रॅम लीलाधरने स्वतःच्या नावाने सुरू केला होता. त्याचं लॉगिन बंद केलं असतं तर प्रोग्रॅमही बंद पडला असता आणि तो पुन्हा कसा सुरू करायचा, ते त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून ते नंतर करू म्हटलं होतं. ते राहून गेलं.

"तीन वर्षं?"

"हो सर."

कुलसंगे साहेबांनी गरम पाण्याचा घोट घेतला. "सदतीस वेळा आलाय तो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी चारच्या सुमारास. सहा-सात मिनिटं थांबतो आणि जातो. साकोलीहून येतो. तुम्ही काढलेला, रागावलेला माणूस. लॉगिन हातात. त्यात हे कर्नेलचं भोक. मॅडम, उद्या दुपारपर्यंत सायबर पोलिसांत तक्रार गेली पाहिजे. नाही तर मला माझ्या संस्थेला तोंड दाखवता येणार नाही."

"देऊ ना तक्रार," मॅडम म्हणाल्या. "साकोलीत सेतू केंद्र चालवून राहिलाय तो आता. असं करेल वाटलं नव्हतं."

सेतू केंद्र म्हणजे दाखले, अर्ज, झेरॉक्स. त्याचा परवाना कलेक्टर कचेरीतून मिळतो. पोलिसात नाव गेलं की परवाना गेला, हे तिथे बसलेल्या तिघांनाही कळत होतं. लीलाधरच्या घरी बायको आणि दोन मुली होत्या, हे फक्त मला आठवत होतं.

"आत येऊन तो काय करायचा?" मी विचारलं.

"ते तुम्हीच वाचा. मला निरुपद्रवी वाटतंय, पण चोर आधी निरुपद्रवीच वाटतो."

मी लॅपटॉप पुढे ओढला. लीलाधरने दिलेली प्रत्येक आज्ञा वेळेसकट तिथे होती. प्रोग्रॅम चालू आहे का, पाहायचं. नोंदींच्या फोल्डरमध्ये जायचं. महिन्यापेक्षा जुन्या नोंदी पुसायच्या. डिस्कवर जागा किती उरली ते पाहायचं. बाहेर पडायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, त्याच क्रमाने. सदतीस वेळा. मालक व्हायचा प्रयत्न एकदाही नाही. मधे मधे फक्त एक वेगळी ओळ होती. दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायचा आमचा नियम होता, आणि नोकरीवरून काढलेला तो माणूस कंपनीच्या नियमाप्रमाणे पासवर्ड बदलत होता.

मी ती यादी पुन्हा वरपासून वाचली. कारण ते नोंदी पुसायचं काम माझं होतं.

तो प्रोग्रॅम जुना आणि बडबड्या होता. दिवसभर काय केलं त्याच्या नोंदी लिहीत राहायचा. त्या वेळेवर पुसल्या नाहीत तर डिस्क भरायची आणि प्रोग्रॅम अडकायचा. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका सोमवारी तो तसाच अडकला होता. नऊही केंद्रांवर पाळ्यांची यादी दिसेना. कोणाला घ्यायचं ते कळेना म्हणून चाळीसेक रुग्णांना परत पाठवलं. त्यातली लाखांदूरकडची एक बाई, एसटीने आलेली, परत जाताना गाडीतच बेशुद्ध पडली. चार दिवस अतिदक्षता विभागात होती. वाचली.

त्याच आठवड्यात बुधवारी मॅडमनी आम्हाला याच खोलीत बसवलं आणि विचारलं, "नोंदी साफ करायचं काम कोणाकडे होतं?"

ते जानेवारीत माझ्याकडे आलं होतं. मी ठरवलं होतं की लीलाधरकडे देऊ, तो सर्व्हर तसाही तोच बघतो. ठरवलं आणि कामाच्या रगाड्यात त्याला सांगायचं राहिलं. पण मॅडमनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून पटकन निघालं, "लीलाधरकडे. फेब्रुवारीतच सांगितलं होतं मी त्याला."

मी ते ठरवून बोललो नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ठरवून बोललो नसेनही. पण ते शब्द परत घ्यायला पुढचा अख्खा महिना होता, आणि मी ते घेतले नाहीत.

लीलाधरने माझ्याकडे पाहिलं होतं. डोळे बारीक करून, काहीतरी शोधत असल्यासारखं. मग मान खाली घातली आणि म्हणाला, "असेल. सांगितलं असेल." फेब्रुवारीत त्याचे वडील आजारी होते, तो भंडारा-नागपूर करत होता. शिवाय विसरभोळा म्हणून तो ऑफिसात प्रसिद्धच. डबा विसरायचा, चार्जर विसरायचा, एकदा तर पोरीला शाळेतून आणायला म्हणून निघून थेट घरी पोचला होता. आम्ही त्याला त्यावरून फार छळायचो. त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. पुढच्या महिन्याच्या अखेरीला त्याला काढलं.

मी समजत होतो, त्याला सगळं माहीत आहे. मी खोटं बोललो हे त्याने ओळखलं आणि माझ्यासाठी किंवा माझ्या तोंडी लागायचं नाही म्हणून तो गप्प बसला. तीन वर्षं मी त्याला फोन केला नाही, आणि त्यानेही केला नाही. साकोलीवरून जायचं झालं तर मी गाडीत झोपेचं सोंग घ्यायचो.

"निशिकांत, तुझ्याशी बोलून राहिले मी," मॅडम म्हणाल्या. "एक ते दोन केंद्रांवर यंत्रं धुतात. तेवढ्यात सर्व्हर बंद-चालू करून टाक आणि याचं लॉगिन उडव."

"मॅडम, एक मिनिट," मी म्हणालो आणि माझ्या नावाने लावलेलं काम उघडून पाहिलं. त्या प्रकरणानंतर मॅडमनी मला नोंदी आपोआप पुसायची सोय करायला सांगितली होती. ती मी त्याच आठवड्यात माझ्या नावाने लावली आणि मग त्या सर्व्हरकडे फिरकलो नाही. नव्वद दिवसांनी माझ्या पासवर्डची मुदत संपली. पासवर्ड शिळा झाला की त्या नावाने लावलेली कामं गुपचूप बंद पडतात, कोणाला कळवतही नाहीत. माझी सोय तिसऱ्याच महिन्यात मेली होती. तरी डिस्क भरली नव्हती. का भरली नव्हती, ते समोर सदतीस ओळींत लिहिलेलं होतं.

मी लॅपटॉप मिटला. खरं सांगतो, त्या क्षणी मला धैर्यबिर्य काही आलं नाही. मी थकलो होतो. आणखी एक गोष्ट धरून ठेवायची ताकद अंगात उरली नव्हती, एवढंच.

"तक्रार देऊ नका," मी म्हणालो. "तो माझं काम करत होता."

"म्हणजे?"

मी सांगितलं. जानेवारीपासून सगळं, एका दमात. लीलाधरला मी कधीच काही सांगितलं नव्हतं, हेसुद्धा. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ त्या सांडलेल्या चहाकडे पाहत होत्या.

"हे तेव्हा सांगायचं ना रे," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्याही आठ दिवस जाग्याच होत्या. "मी माझ्या हाताने सही केली त्याच्या कागदावर."

कुलसंगे साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. "हे सगळं लेखी द्या मला, तुमच्या सहीने. मग मी लिहीन की माजी कर्मचाऱ्याने विनापरवाना पण निरुपद्रवी देखभाल केली, तक्रारीची गरज नाही. लॉगिन मात्र आज बंद झालं पाहिजे. आणि दोनच्या आत प्रोग्रॅम चालू पाहिजे. दोन वाजता नऊ ठिकाणी माणसं पलंगावर येऊन बसतात." मग वही मिटून म्हणाले, "तो कसा सुरू करायचा, ते कोणाला विचाराल?"

विचारायला एकच माणूस होता.

पत्र लिहून देईपर्यंत एक वाजला. मी लॅपटॉप घेऊन जिन्याच्या वळणावर गेलो आणि पायरीवर बसून फोन लावला. माझं ओझं उतरलंय असं मला वाटत होतं. सगळ्यात अवघड होतं ते झालं, आता लीलाधरच्या चार शिव्या खायच्या, त्या मी आनंदाने खाणार होतो.

"बोल निशिकांत," पलीकडून आवाज आला. काल भेटल्यासारखा. मागे झेरॉक्स मशीनची खरखर चालू होती.

"तुझं लॉगिन सापडलं," मी म्हणालो.

"पोलिस येतील काय?"

"नाही. ते मिटलं. पण आता बंद करावं लागेल ते. कर्नेलची दुरुस्ती आहे, सर्व्हर बंद-चालू करायचा आहे. प्रोग्रॅम कसा उठवायचा ते सांग. पाऊण तास आहे."

"अरे, मग घाई कर," तो म्हणाला आणि एकदम तीन वर्षांपूर्वीचा लीलाधर झाला. "आधी प्रोग्रॅमले बंद व्हायला सांग, दोन मिनिटं दे त्याले. मग सर्व्हर बंद कर. एकदम नको करू, नाही तं यादी अर्धवट राहते."

मी तसं केलं. सर्व्हर गेला. पडद्यावर काहीच येईना. दुकानात कोणीतरी उत्पन्नाच्या दाखल्याचं विचारत होतं, त्याला लीलाधरने 'बसा काका, जरा महत्त्वाचं काम हाये' म्हणून सांगितलं. चार मिनिटांनी सर्व्हर परत आला. नवा कर्नेल बसला होता. दोनशे तेरा झाले.

"आला," मी म्हणालो.

"हं. आता त्याच्या फोल्डरमधी एक कुलूप नावाची फाइल राहते. ती पूस पहिले. ती राहिली तं प्रोग्रॅमले वाटते, आपण आधीच चालू हावो. पुसली? आता माह्या नाही, कंपनीच्या नावानं प्रोग्रॅम सुरू कर आणि केंद्रं एकेक करून जोड. सगळ्यात पहिले गोंदिया. मग तिरोडा, मग देवरी. लाखांदूर शेवटी घे, तिथलं नेट मंद हाये, त्यानं बाकीचे अडकतात."

तो सांगत गेला, मी करत गेलो. नऊ गावांची नावं, त्यांचा क्रम, मधे किती सेकंद थांबायचं, सगळं त्याला तोंडपाठ होतं. कुठे कागद चाळल्याचा आवाज नाही की अडखळणं नाही. एक चाळीसला लाखांदूर जोडलं गेलं आणि पडद्यावर दुपारच्या पाळीची यादी आली. पहिलंच नाव कोणा शेवंताबाईचं होतं.

"आली यादी," मी म्हणालो. मला रडू येईल असं वाटलं. झोप नसली की असं होतं.

"बरं झालं." त्याने श्वास सोडलेला मला ऐकू आला. "तू लेका तिकडं नोंदी पुसायचं नीट लावून घेजो. मी तं आता येऊ शकणार नाही."

"लीलाधर, तू हे का करत होतास?"

"का म्हणजे?" त्याला प्रश्नच कळला नसावा. "ती बाई गाडीत पडली होती ना. माह्यामुळं. आपल्या हातून झालं म्हटल्यावर झोप लागते काय? म्हटलं, एवढं तं करत राहू. मोबाइलमधी गजर लावून ठेवला, पहिला रविवार, चार वाजता. पुन्हा विसरलो नाही बघ एकदाही."

मी पायरीवरून उठलो, आणि उठून कुठे जायचं ते न कळून पुन्हा बसलो.

"पाह्यलं ना तू आता," तो सांगत होता, "नऊच्या नऊ केंद्रं आठवतात मले. क्रम आठवते. बाबाच्या दवाखान्यातल्या खाटेचा नंबर आठवते. फेब्रुवारीतलं तेवढं एक आठवत नाही. तू मले कुठं सांगितलं होतं रे? कँटीनमधी काय? का फोनवर? मी लय डोकं लावलं. बायकोनं तं माह्या डोक्याच्या डॉक्टरले दाखवलं नागपूरच्या मेडिकल कॉलेजमधी. फोटोगिटो काढला त्यानं. म्हणे काही दिसत नाही, पण गोळ्या घ्या."

वर कुणीतरी दार उघडलं, आणि पुन्हा लावलं. थोड्या वेळापूर्वीच मी दोन माणसांसमोर सगळं कबूल केलं होतं, लेखी दिलं होतं, सही केली होती. ते सोपं होतं, हे मला आत्ता कळत होतं.

"लीलाधर," मी म्हणालो, "मी तुला सांगितलंच नव्हतं."

"काय?"

"फेब्रुवारीत नाही, कधीच नाही. ते काम माझं होतं. तुला द्यायचं म्हणत होतो, पण दिलं नाही. त्या दिवशी मॅडमसमोर मी खोटं बोललो."

झेरॉक्स मशीन थांबलं. दाखलेवाले काका काहीतरी बोलले, त्यांना उत्तर मिळालं नाही. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

"नक्की?" त्याने विचारलं.

"नक्की. आज मॅडमना लिहून दिलंय."

"कँटीनमधी नाही, फोनवर नाही?"

"कुठेच नाही."

मग त्याने फोन कानापासून दूर धरला असावा, कारण आवाज लांबून आला. दुकानाच्या मागेच त्याचं घर होतं. तो आत बायकोला हाक मारत होता, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता. शोधलं तरी मला अजूनही त्या आवाजात राग सापडत नाही.

"ऐकून राहिली काय वं," तो म्हणत होता, "मी विसरलो नव्हतो. मी विसरलोच नव्हतो."